भिडू, बोली आणि शेजारचं टेबल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत क्लबहाउसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला आधी 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' हा विषय दिला होता. बँकेतला माणूस म्हटला की हाच विषय वाट्याला येतो. मी म्हटलं, व्याजदराबद्दल आज जे सांगेन ते स्मरणिका छापून होईपर्यंत शिळं होईल. त्यापेक्षा नोकरीइतकीच वर्षं ज्यात घातली त्या ब्रिजबद्दल बोलू द्या. समितीतल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण परवानगी दिली. तेव्हा न खेळणाऱ्यांनीही कृपया बसून राहावं. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे, आणि चहा माझ्यानंतर आहे.

ज्याला मेंढीकोट येतं त्याला ब्रिज निम्मा येतोच. चार जण, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, रंगाला रंग टाकायचा, नसला तर हुकमाने मारता येतं. फरक आहे तो बोलीचा. खेळ सुरू होण्याआधी जोडीने सांगावं लागतं की अमका रंग हुकूम धरून आम्ही इतके हात करू. पहिले सहा हात गृहीत असतात, त्याच्या वरचे बोलायचे. म्हणजे 'चार इस्पिक' बोललात तर सहा अधिक चार, तेरापैकी दहा हात करून दाखवायचे. हुकूम नकोच असेल तर 'नोट्रम्प' बोलायचं. ज्याची बोली टिकते त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि डाव संपेपर्यंत गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. आपल्यातल्या काहींना हे गप्प बसणंच खेळातलं सर्वात अवघड काम वाटतं.

आपण खेळतो तो काँट्रॅक्ट ब्रिज. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने एका बोटीच्या प्रवासात त्याची गुण मोजायची पद्धत बसवली. पत्ते तेच, खेळायची रीतही जुन्या ऑक्शन ब्रिजचीच. फक्त असं ठरवलं, की मोठं बक्षीस मिळेल ते तुम्ही आधी तेवढं बोलला असाल तरच. आठ हातांची बोली करून दहा केलेत तर वरच्या दोन हातांचे किरकोळ गुण मिळतील, बक्षीस नाही. एवढं एक कलम घातलं आणि सगळा खेळ बदलला. नुसतं पानं चांगली खेळून भागेना. समोरच्याकडे काय आहे हे त्याच्या बोलीवरून ओळखणं भाग पडलं.

आता आपल्याकडची गोष्ट. क्लबहाउसच्या खिडक्यांना काचा बसायच्या होत्या तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी इथे ब्रिज चालू आहे. एके काळी तीन टेबलं लागत. मधल्या काळात ती एकावर आली. काही जण मुलांकडे राहायला गेले, काही आपल्यातून गेले. पण सगळं वयावर ढकलण्यात अर्थ नाही. धडधाकट माणसंही येईनाशी झाली. कुणी डाव संपल्यावर होणाऱ्या बोलाचालीला कंटाळलं, कुणी म्हणालं की इतकी वर्षं खेळून खेळ आहे तिथेच आहे, मग कशाला यायचं? माझं मत असं, की ही दोन कारणं वेगळी नाहीत. त्याबद्दलच बोलतो.

आपण बहुतेक सगळे मध्यम खेळाडू. मध्यम म्हणजे कोण? ज्याला स्टेमन येतं, ट्रान्सफर येते, ब्लॅकवुड वापरून एक्के विचारता येतात, फिनेस कशाला म्हणतात ते कळतं, आणि तरीही दहा वर्षांपूर्वी जेवढे डाव बुडत तेवढेच आज बुडतात, तो. मग हा मध्यम खेळाडू काय करतो? नवीन कन्व्हेन्शन शिकतो. पूर्वी पुस्तकातून शिकायचा, आता यूट्यूबवरून. शनिवारी येऊन भिडूला म्हणतो, आज आपण हे लावू. भिडू मान डोलावतो. तिसऱ्या डावाला ते कन्व्हेन्शन येतं, एकाला आठवतं, दुसऱ्याला अर्धंच आठवतं, आणि दोघे मिळून खड्ड्यात जातात.

आमच्या बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागत. दुसरी सही करणाऱ्याला पहिल्याने काय तपासलं आणि काय तपासलेलं नाही हे नक्की ठाऊक असेल तरच त्या दुसऱ्या सहीला किंमत. नाहीतर दोन हुशार माणसं दोन सह्या करतात आणि व्हाउचर कुणीच पाहिलेलं नसतं. ब्रिजमध्ये नेमकं हेच होतं. तुम्हाला एकट्याला किती येतं याला फार महत्त्व नाही. दोघांना सारखं काय येतं, तेवढीच तुमची जोडीची शिल्लक.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की दर शनिवारी पानं कापून भिडू ठरवायची आपली जुनी पद्धत गप्पांसाठी ठेवा, पण ज्याला सुधारायचं आहे त्याने किमान एक वर्ष एकच भिडू धरावा. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला. पुरुषांच्या जोडी स्पर्धेचं सुवर्णपदक आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी मिळवलं. एकाचं वय ६०, दुसऱ्याचं ५६. अनेक वर्षं एकमेकांसमोर बसलेली ही कोलकात्याची जोडी. त्याच वेळी सांघिक प्रकारांत दोन ब्राँझही आली, आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला पुरुषांच्या संघाने रौप्य मिळवलं. साठीचा माणूस एशियाडचं सुवर्ण घेऊन येतो असे खेळ किती आहेत? आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने ही बातमी कापून फलकावर लावली होती. मला वाटतं ती अजून तिथेच आहे, वरून पाण्याच्या वेळापत्रकाचा कागद लागलाय.

भिडू कसा निवडायचा? सर्वात चांगला खेळणारा निवडू नका. ज्याच्यासमोर चुकलं तर पोटात गोळा येत नाही असा निवडा. आपल्याकडचं एक जोडपं, नावं घेत नाही, पहिली दोन वर्षं एकमेकांचे भिडू होते. मग दोघांनी समजुतीने वेगवेगळे भिडू धरले. आता दोघंही चांगलं खेळतात आणि घरी रात्रीचं जेवण वेळेवर होतं.

डाव संपल्यानंतरच्या बोलण्याला ब्रिजवाले 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. शब्द बरोबर आहे, कारण त्यात सहसा कुणीतरी मेलेलं असतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे एक पद्धत सुरू केली. टेबलावर झालेल्या डावाबद्दल तिथल्या तिथे काही बोलायचं नाही. कागदावर डावाचा नंबर लिहून ठेवायचा. बारा डाव झाले की चहाला बसायचं आणि तेव्हा विचारायचं. विचारतानाही 'तुम्ही असं का केलंत?' असं विचारायचं नाही. 'माझी बोली ऐकून तुम्ही काय समजलात?' असं विचारायचं. ऐकायला फरक किरकोळ वाटेल. पहिल्या प्रश्नाला माणूस बचाव देतो, दुसऱ्याला माहिती देतो. ही पद्धत आल्यावर येईनासे झालेले चार जण परत आले.

आता बोलीचं एक उदाहरण देतो. खरा डाव आहे, याच हॉलमधला. खेळणाऱ्यांनी डोळे मिटून पानं समोर आणावीत, बाकीच्यांनी चहाचा विचार करावा.

पहिल्या खेळाडूकडे इस्पिकचे एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, छक्की. बदामचे एक्का, नव्वी, चव्वी. चौकटचे एक्का, अठ्ठी, तिर्री. किलवरची पंजी आणि दुर्री. समोरच्या भिडूकडे इस्पिकचे राजा, नव्वी, सत्ती, चव्वी. बदामची एकटी सत्ती. चौकटचे राजा, छक्की, पंजी, दुर्री. किलवरचे राणी, अठ्ठी, छक्की, तिर्री.

एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ असे गुण मोजतात. सगळ्या पत्त्यांत मिळून ४० गुण. दहा हातांची, म्हणजे गेमची बोली करायला जोडीकडे साधारण पंचवीस गुण असावेत असं आपण सगळे पहिल्या महिन्यात शिकतो. इथे एकाकडे चौदा, दुसऱ्याकडे आठ. बेरीज बावीस.

एका टेबलावर पहिला 'एक इस्पिक' बोलला. भिडूने आठ गुण मोजले आणि 'दोन इस्पिक' बोलला. या बोलीचा अर्थ, माझ्याकडे सहा ते नऊ गुण आहेत आणि तुमचा रंग मला चालतो. पहिल्याने मनात बेरीज केली, चौदा आणि जास्तीत जास्त नऊ, तेवीस. पास. खेळले आणि दहा हात झाले. गुण १७०.

दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर भिडूने असा विचार केला, की माझ्याकडे चार हुकूम आहेत आणि बदामचं एकच पान. एकदा बदाम गेला की पुढचे बदाम मी हुकमाने मारीन. चार हुकूम असताना एकट्या पानाचे तीन गुण धरायचे असं या जोडीचं ठरलेलं होतं. आठ आणि तीन अकरा. तो 'तीन इस्पिक' बोलला, म्हणजे आमंत्रण. पहिला 'चार इस्पिक' म्हणाला. हात तेच दहा: हातातले पाच हुकूम, बदामचा एक्का, डमीत मारलेले दोन बदाम, चौकटचे एक्का-राजा. गुण ४२०.

फरक २५० गुणांचा. सांघिक स्पर्धेच्या तक्त्यात त्याचे ६ आयएमपी होतात, आणि जोडी व्हल्नरेबल असती तर फरक ४५० झाला असता आणि १० आयएमपी गेले असते. एका डावात. आणि पत्ते खेळण्यात दोन्ही टेबलांवर काडीचाही फरक नव्हता.

आता चहाच्या वेळी पहिल्या टेबलावर काय झालं असेल? भिडू म्हणाला, 'तुमच्याकडे चौदा होते, पास कसे झालात?' म्हणजे ज्याने बरोबर केलं त्यालाच बोलणी. पास होणारा तसा बरोबरच होता. त्याला जेवढं सांगितलं गेलं त्यावर पासच योग्य. त्या दोघांचं मिळून एकट्या पानाबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं, एवढंच. म्हणून मी म्हटलं, भांडण आणि न सुधारणं ही दोन वेगळी कारणं नाहीत. जिथे काही ठरलेलं नसतं तिथे दोन्ही उगवतात.

आणखी एक जागा सांगतो, कारण ती प्रत्येक टेबलावर सापडते. एक जण 'एक नोट्रम्प' बोलतो, समोरचा थेट 'चार नोट्रम्प'. हे काय आहे? एक्के विचारलेत की बारा हातांच्या स्लॅमचं आमंत्रण आहे? प्रचलित अर्थ आमंत्रणाचा: तुमचे गुण वरच्या टोकाचे असतील तर सहा बोला, खालच्या टोकाचे असतील तर पास. पण 'चार नोट्रम्प' ऐकलं की आपला हात आपोआप एक्के मोजायला जातो. आज घरी गेल्यावर आपापल्या भिडूला फोन करून एवढं एकच विचारा. उत्तर यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर ते ठरलेलं नाही असं समजा.

इथे खुणांबद्दलही बोललं पाहिजे. आपण सगळे मे महिन्याच्या सुटीत मेंढीकोटावर वाढलेले. डोळा मारला की हे, कान खाजवला की ते, आणि खुणा पकडणं हीच अर्धी मजा. ब्रिजमध्ये हे चालत नाही. भिडूला काही सांगायचं ते फक्त बोलीतून आणि टाकलेल्या पानातून. उसासा, भुवया, पान आपटणं, पास म्हणायच्या आधी दोन मिनिटं छताकडे बघणं, हे सगळं नियमाबाहेर. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिडूशी जे ठरवलं असेल ते प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर सांगावं लागतं. गुप्त असं काही नाही. आमची बोली काय, तिचा अर्थ काय, चारही जणांना ठाऊक हवा. मला ब्रिज आवडण्याचं एक कारण हेच आहे. आयुष्यभर ज्या टेबलावर बसलो तिथे सगळंच असं उघड चालत नव्हतं.

आता माझ्या भिडूबद्दल थोडं सांगतो. त्यांच्या घरच्यांना विचारून सांगतोय. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, पण सी विंगमधल्यांना कळेलच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. आम्ही चौदा वर्षं एकमेकांसमोर बसलो. त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय, मला लिहिलेलं तपासायची. आमच्या ठरलेल्या गोष्टींचा कागद वाढत वाढत चार फुलस्केप पानांचा झाला होता. त्याला ते 'मॅन्युअल' म्हणायचे. कलमांना नंबर होते, पोटकलमं होती.

चार-पाच वर्षांपूर्वी त्यांना विसरायला होऊ लागलं. पहिल्यांदा लक्षात आलं ते ट्रान्सफरवर. मी 'दोन चौकट' बोललो, याचा अर्थ माझ्याकडे बदाम आहेत, तुम्ही 'दोन बदाम' म्हणा. ते पास झाले. आम्ही पाच चौकटी हुकूम धरून आठ हात करायला निघालो, तीन माझ्या, दोन त्यांच्या. टेबलावर सगळे हसले, तेही हसले. महिनाभराने पुन्हा तसंच झालं तेव्हा कुणी हसलं नाही. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, जे काय ते कळलं. एक दिवस त्यांच्या सूनबाई लिफ्टपाशी मला म्हणाल्या, 'काका, बाबांमुळे तुमचा खेळ बिघडत असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही त्यांना समजावू.'

मी त्यांना म्हटलं, आठ दिवस द्या. आणि आम्ही दोघं मॅन्युअल घेऊन बसलो. मी विचारायचं, त्यांनी न बघता सांगायचं. जे लगेच आलं ते ठेवलं, जे आठवावं लागलं ते खोडलं. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कलमांवर ते स्वतःच काट मारत होते, आणि प्रत्येक वेळी विचारायचे, 'हे नसलं तर चालेल ना?' चार पानांचं एक पान उरलं. पाच पानांचा इस्पिक किंवा बदाम असेल तर तो रंग बोलायचा. पंधरा ते सतरा गुण आणि सरळ वाटणी असेल तर एक नोट्रम्प. स्टेमन राहिलं. साधं ब्लॅकवुड राहिलं. ट्रान्सफर गेली. ती खोडताना मला वाईट वाटलं, कारण ती खरोखर उपयोगाची गोष्ट आहे. पण दोघांपैकी एकालाच जे आठवतं ते जोडीच्या खात्यात धरता येत नाही.

त्या वर्षीच्या सोसायटीच्या जोडी स्पर्धेत सहा जोड्या होत्या. आदल्या वर्षी आमचा नंबर तिसरा होता. एका पानावर आमचा नंबर दुसरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिसरा. म्हणजे खोडलेल्या तीन पानांनी आम्हाला इतकी वर्षं नेमकं काय मिळवून दिलं होतं, हा प्रश्नच आहे. पत्ते खेळण्यात तर त्यांचं काहीच कमी झालं नव्हतं. बाहेर किती हुकूम राहिले, हे त्यांना शेवटच्या पानापर्यंत बिनचूक सांगता यायचं, मग सकाळी नाश्ता काय केला ते आठवो न आठवो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, 'आता तुम्ही दुसरा भिडू बघा. मला माझी पानं दिसतात, पण कोण काय बोललं ते राहत नाही.' मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर ते माझ्यासाठी बसले असते, खेळासाठी नव्हे. अजूनही शनिवारी ते येतात.

माझी नवी भिडू डी विंगमधली आहे, आयटीत नोकरी करते, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी ती लॅपटॉपवर वीस कन्व्हेन्शनची यादी घेऊन आली. मी तिला ते एक पान दिलं. ती म्हणाली, 'काका, एवढंच?' आमचं असं ठरलंय, की दोन महिन्यांत एकच नवी गोष्ट घ्यायची, आणि कागद न बघता फोनवर दोघांना सांगता आली तरच ती पानावर चढवायची. सर्वात आधी ट्रान्सफर परत आली. सध्या आम्ही दीड पानावर आहोत.

आता स्पर्धेबद्दल. स्पर्धा म्हटलं की आपली मंडळी हात झटकतात, 'आता या वयात कुणाला हरवायचंय!' हरवण्यासाठी नाही, मोजण्यासाठी हवी. घरगुती ब्रिजमध्ये डाव बुडाला की आपण म्हणतो, पानं वाईट फुटली. खरंच वाईट फुटली होती का, हे कसं कळणार? तीच पानं घेऊन दुसऱ्या कुणी खेळून दाखवली तरच कळेल. डुप्लिकेट ब्रिज म्हणजे एवढंच. वाटलेली पानं पुसायची नाहीत, जशीच्या तशी शेजारच्या टेबलावर पाठवायची. नशीब दोघांना सारखं. उरतो तो फक्त निर्णय.

यासाठी महागडं सामान लागत नाही. आम्ही सुरुवात साध्या पाकिटांवर केली. एका डावाची चार पाकिटं, त्यांवर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. खेळताना पान मध्ये टाकायचं नाही. आपल्यासमोरच ठेवायचं, हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की आपली तेरा पानं आपल्या पाकिटात. आठ जण असले की दोन टेबलं, दोन संघ. एका संघाची एक जोडी पहिल्या टेबलावर उत्तर-दक्षिण, दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम. बारा डावांना दीड तास लागतो. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. तो जो एक क्षण असतो ना, शेजारच्या टेबलाचा आकडा वाचला जातो तो, त्यात सहा महिन्यांचं शिक्षण आहे.

आपल्याकडच्या एका सभासदांची वर्षानुवर्षं तक्रार होती, की माझ्या वेळी कधीच पानं तीन-तीन फुटत नाहीत. बाहेर सहा पानं असली तर ती तीन-तीन वाटली जाण्याची शक्यता साधारण ३६ टक्के. चार-दोनची ४८. म्हणजे त्यांच्यावर अन्याय होत नव्हता, ते चुकीच्या घोड्यावर पैसे लावत होते. उलट पाच पानं बाहेर असली तर तीन-दोन फुटण्याची शक्यता ६८ टक्के, आणि साधा फिनेस पन्नास टक्के. हे चार आकडे पाठ असले तरी पुष्कळ डाव वाचतात. पण त्यांना ते पटलं केव्हा? शेजारच्या टेबलावर तोच डाव फिनेस घेऊन झाला, तेव्हा. गणिताचं पुस्तक मी त्यांना तीन वर्षांपूर्वीच दिलं होतं. अजून परत आलेलं नाही.

लॉकडाउनमध्ये आपण काही जण ब्रिज बेस ऑनलाइनवर खेळत होतो. नातवंडांनी टॅब लावून दिले. चेहरा दिसत नाही, उसासा ऐकू येत नाही, चुकीचं पान टाकताच येत नाही. शिस्त लागायला ते वर्ष बरं गेलं. पण चहा नव्हता.

मागच्या वर्षी आपल्या सोसायटीचा संघ पहिल्यांदा बाहेर, जिल्ह्याच्या स्पर्धेत गेला. अठरा संघांत अकरावे आलो. कमिटीने जाण्यायेण्याचा खर्च दिला त्याबद्दल आभार. ऑडिटरने त्या व्हाउचरबद्दल विचारलं तर मी उत्तर देईन. तिथे पहिल्याच फेरीत समोरच्या जोडीने एका बोलीवर हात वर करून डायरेक्टरला बोलावलं. आपल्या एका खेळाडूचा चेहरा पांढरा पडला, जणू पोलीस बोलावले. डायरेक्टर आले, दोन वाक्यांत नियम सांगितला, सगळे 'थँक्यू' म्हणाले आणि खेळ पुढे चालू. कुणी आवाज चढवला नाही, कुणी मागचं उकरलं नाही. परतताना गाडीत आपले चौघे त्या अकराव्या नंबरापेक्षा याबद्दलच जास्त बोलत होते. पुढच्या शनिवारपासून आपल्या टेबलावरही पोस्टमॉर्टेमचा आवाज खाली आला. माझ्या सूचनांनी दोन वर्षांत जेवढं झालं नव्हतं तेवढं त्या एका दिवसात झालं, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

सध्या शनिवारी दोन टेबलं लागतात. तिसऱ्यासाठी एक जोडी आहे, एक कमी पडते. ज्यांना मेंढीकोट येतं त्यांना मी सहा रविवार सकाळी दहाला इथे शिकवीन, फी नाही. शक्यतो दोघं दोघं मिळून या, म्हणजे भिडू शोधण्यात वेळ जाणार नाही. वयाची अट नाही. दहावीतल्या मुलांनी मात्र परीक्षा झाल्यावर यावं, नाहीतर त्यांच्या आया मला लिफ्टमध्ये गाठतील. पत्त्यांचे नवे जोड सोसायटीने घेतले आहेत, घरून आणू नयेत, एखादी दुर्री कमी निघते. चष्मा आणावा. शनिवारचा खेळ बरोबर साडेचारला सुरू होतो. सव्वाचारला पाकिटं तयार असतात. माझे जुने भिडू त्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून प्रत्येक पाकिटात तेरा पानं आहेत ना, हे मोजून देतात. आजवर एकदाही बारा किंवा चौदा निघालेली नाहीत.

आता चहा घ्या.